बाण गडाकडे जातो, गावाकडे नाही

त्या दिवशी आमच्याजवळ पाण्याच्या दोन बाटल्या, चिवड्याचा स्टीलचा डबा आणि एक छत्री होती. बॅटरी गाडीतच राहिली होती आणि शिट्टी घ्यायचं कुणाला सुचलंही नव्हतं. मी, माझी भावजय, चौदा वर्षांची भाची आणि नऊ वर्षांचा भाचा अशी आम्ही चौघं नाणेघाटाच्या पठारावरून निघून जीवधन गडाच्या पायथ्याच्या रानातून घाटघरला जाणार होतो. भाऊ गाडी घेऊन डांबरी रस्त्याने गावात पोहोचणार आणि चहा सांगून आमची वाट बघणार, असं ठरलं होतं. दीड तासाची, बरीचशी सपाट वाट. माझं माहेर जुन्नरचं. हा आपलाच मुलूख, या भरवशावर मी सगळ्यांना नेलं होतं. गड चढायचा असता तर मी चार जणांना विचारलं असतं आणि भल्या सकाळी निघाले असते. रानातून चालत गावात जायचं, त्यात काय विचारायचं, असं मला वाटलं.

जीवधन चढणारी माणसं बहुतेक तयारीने येतात. त्यांच्याजवळ दोर असतो, सोबत आधी येऊन गेलेला एखादा असतो, उतरायची वेळ ठरलेली असते. ‘आम्ही काही वर जाणार नाही, खालीच जरा फिरू’ म्हणणारे मात्र रिकाम्या हाताने रानात शिरतात आणि सोबत लेकरं, म्हातारी माणसंही नेतात. मी त्यांच्यातलीच एक होते, म्हणून हे त्यांच्यासाठी लिहिते आहे.

आधी जागा सांगते, कारण घाटघर नावाची दोन गावं आहेत आणि मोबाइलवर शोधताना लोकांची गफलत होते. एक घाटघर अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या पुढे, रतनगडाच्या बाजूला आहे. तिथे वीजप्रकल्प आहे. मी सांगते आहे ते घाटघर पुणे जिल्ह्यातलं, जुन्नर तालुक्याच्या अगदी पश्चिम टोकाचं. जुन्नरहून आपटाळे, चावंड करत तीसेक किलोमीटर गेलं की येतं. वाटेत उजव्या हाताला माणिकडोह धरणाचं पाणी दिसत राहतं, डावीकडे चावंडचा कातळ. गावात महादेव कोळी समाजाची वस्ती, भाताची खाचरं, हिरड्याची झाडं. गावाच्या पाठीशी जीवधन उभा आहे, समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरहून थोडा अधिक उंच. गावापासून चार-पाच किलोमीटरवर जमीन एकाएकी संपते आणि खाली कोकण दिसतं. ते टोक म्हणजे नाणेघाट. पठाराचं टोक आणि गाव यांच्यामध्ये, जीवधनच्या पोटाशी एक रान आहे. जांभूळ, हिरडा, अंजनी, खाली कारवी आणि करवंदीच्या जाळ्या. डिसेंबरात वरून पाहिलं तर गडाच्या पायाशी टाकलेली हिरवी शाल वाटावी एवढंसं. आरपार जायला तास पुरतो.

त्या दिवशी ऑगस्ट संपत आला होता. आम्ही दुपारी एकला रानात शिरायचं ठरवलं होतं आणि प्रत्यक्षात निघालो साडेतीनला. उशीर झाला तो नाणेघाटातल्या लेण्यात. भाचीला शाळेत सातवाहनांचा धडा होता. तिथल्या भिंतीवर ब्राह्मी लिपीत कोरलेला लेख तिने पाहिला आणि ती हलेचना. तो लेख सातवाहनांची राणी नागनिका हिचा. त्यात यज्ञांची नावं आहेत, दिलेल्या गाई, हत्ती, कार्षापण नाण्यांचे आकडे आहेत. आपल्या देशातल्या सर्वांत जुन्या अंकांमध्ये त्या आकड्यांची गणना होते. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आता वरची नावं आणि खाली पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्यात. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून जुन्नरला जाणारा माल दोन हजार वर्षांपूर्वी याच फरसबंद घाटाने वर चढायचा. जकातीचा म्हणतात तो दगडी रांजण वर आजही आहे. मुलीचे डोळे चमकत होते, तिला ‘चल’ म्हणून ओढून नेणं माझ्या जिवावर आलं. तिथे दोन तास घालवल्याचं मला आजही वाईट वाटत नाही. वाईट याचं वाटतं की दोन तास गेल्यावर मी पुढचा बेत बदलला नाही. भाऊ म्हणालाही, “ताई, आता गाडीतूनच चला. रान उद्या बघू.” मी म्हणाले, “अरे, तासाभराची तर वाट आहे.”

पठारावर ऊन होतं. जीवधन आणि त्याच्या उजव्या अंगाला उभा असलेला वानरलिंगी सुळका, ज्याला खडा पारशीही म्हणतात, स्वच्छ दिसत होते. रानात शिरलो आणि पंधरा-वीस मिनिटांत धुई आली. घाटमाथ्यावर ती हळूहळू दाटत नाही, खालून कोकणातून वर चढते आणि कड्यावरून एकदम आत येते. दहा पावलांवरचं झाड दिसेनासं झालं. आमच्या मनात भीती नव्हती. मुलं खूश होती, एकमेकांचे फोटो काढत होती.

पुढे वाटेला फाटा आला. डावीकडची वाट झिरपत्या पाण्यात बुडालेली, पाचोळ्याने झाकलेली. उजवीकडची चांगली मळलेली, आणि तिच्या तोंडाशी खडकावर पांढऱ्या रंगाने काढलेला ठळक बाण. भाचा ओरडला, “आत्या, इकडे बाण आहे!” आम्ही बाणाच्या मागे गेलो. आणखी एक बाण आला, मग तिसरा. वाट चढायला लागली. माझ्या पायांना चढ जाणवत होता. मनात एकदा आलंही, की गाव तर खाली आहे. पण बाण कुणीतरी विचार करूनच काढला असणार, असं म्हणून मी तो विचार बाजूला सारला.

बाण खराच होता, काढणाऱ्याने चूक केली नव्हती. पण तो गड चढणाऱ्यांसाठी होता. उजवीकडची वाट वानरलिंगीच्या बाजूच्या खिंडीकडे आणि तिथून जीवधनच्या कल्याण दरवाज्याकडे जाते. गावाकडे जाणारी वाट म्हणजे डावीकडची, चिखलात बुडालेली. तिच्यावर बाण काढायची गरज कुणालाच वाटलेली नव्हती, कारण ज्यांना त्या वाटेने जायचं असतं ते गावातलेच असतात. सह्याद्रीत जिथे जिथे गडाच्या पायथ्याला फिराल तिथे हे लक्षात ठेवा. खुणा बहुतेक वेळा गडावर नेणाऱ्या असतात. तुम्ही गडावर जाणार नसाल तर त्या खुणा तुमच्या नाहीत.

मग झाडं विरळ झाली, गवत लागलं आणि तोंडावर वारा आदळला. रानात इतका वेळ पानही हलत नव्हतं आणि इथे छत्री उलटी झाली. वाऱ्यात पाण्याचे तुषार होते, आणि ते खालून येत होते. भाचा चार पावलं पुढे होता. मी पुढे झेपावून त्याच्या दप्तराचा पट्टा धरला आणि आम्ही दोघंही गवतावर बसलो. समोर पांढऱ्याखेरीज काही नव्हतं. कडा किती लांब होता ते मला तेव्हा कळलं नाही. नंतर कोरड्या हवेत त्या जागी जाऊन पाहिलं. फार लांब नव्हता.

त्या वाऱ्याबद्दल नीट सांगायला हवं. नाणेघाटात पावसाळ्यात पाणी खाली पडायच्या ऐवजी वर उडताना दिसतं, लोक त्याला उलटा धबधबा म्हणतात आणि तो पाहायला गर्दी करतात. समुद्राकडून आलेला वारा सरळ उभ्या कड्यावर आदळतो, त्याला पुढे जायला जागा नसते, म्हणून तो वर उसळतो आणि कोसळणारं पाणीही घेऊन येतो. तोच वारा धुईत तुम्हाला कड्याची खबर देतो. आत रानात वारा पडलेला असतो. तो एकाएकी लागला, ओला लागला आणि खालून वर येतोय असं वाटलं, तर पुढे एक पाऊलही टाकू नका. जिथे आहात तिथे खाली बसा, मुलांना हाताशी घ्या आणि आलात त्याच दिशेने मागे व्हा. ओल्या गवताचा उतार शेवाळाइतकाच निसरडा असतो आणि कड्याच्या काठाचं गवत कधी कधी नुसत्या मातीच्या ओठावर वाढलेलं असतं. त्याच्याखाली खडक असेलच असं नाही.

इथपर्यंतची चूक भरून निघण्यासारखी होती. बाणाबाणाने उलट चालत फाट्यापर्यंत परतलो असतो तर सहाच्या आत घाटघरात असतो. पण मी घाबरले होते, आणि घाबरलेल्या माणसाला मागे जाणं म्हणजे वेळ घालवणं वाटतं. गाव खाली आहे, ओढा खाली जातो, म्हणून ओढ्याच्या कडेने उतरू, असं मी ठरवलं. शाळेत शिकलेलं ज्ञान. सह्याद्रीत ते जिवावर बेतू शकतं, कारण इथला ओढा गावाला जाईलच असं नाही, तो घळीत जातो आणि घळीच्या तोंडाशी पाण्याची उडी असते. शिवाय वर पाऊस चालू असला तर पाणी मिनिटांत चढतं. आमच्या देखत घोट्याएवढं पाणी पोटऱ्यांपर्यंत आलं आणि गढूळ झालं. पाण्याचा रंग बदलला की वर काहीतरी घडलंय एवढं मला माहीत होतं, म्हणून आम्ही बाहेर पडलो. पण तोवर फाटा, बाण, मळलेली वाट सगळं हरवलं होतं. चहूकडे ढोरवाटा. गुरांच्या वाटा अगदी माणसांच्या वाटांसारख्या दिसतात. फरक एवढाच की त्या करवंदीच्या जाळीखालून जातात. वाकूनसुद्धा जाता येत नाही अशा जागी वाट शिरली, तर ती गुरांची.

मग मी तिसरी चूक केली, आणि ती मला सगळ्यांत जास्त सलते. “तुम्ही इथेच थांबा, मी जरा पुढे बघून येते,” असं म्हणून मी एकटी गेले. पन्नास पावलं गेले असेन. वळले तर तिघंही दिसेनात. हाक मारली. उत्तर आलं, पण कुठून आलं ते कळेना. धुईत आवाज पसरतो, डावीकडचा उजवीकडून ऐकू येतो. वीस मिनिटं मी त्यांना आणि ती मला हाका मारत होतो. भावजयीचा आवाज रडवेला झाला होता. “ताई, तुम्ही हलू नका! तुम्ही हलू नका!” असं ती परत परत म्हणत होती. शेवटी भाचीने चिवड्याचा डबा रिकामा केला आणि दगडाने ठणाठणा वाजवायला सुरुवात केली. माणसाच्या हाकेपेक्षा तो आवाज टोकदार होता. त्याच्या रोखाने मी परत पोहोचले. त्यानंतर आम्ही एका जांभळाखाली बसलो ते बसलोच. मोबाइलला रेंज नव्हती. सव्वासहाला रानात इतका अंधार झाला की एकमेकांचे चेहरे दिसेनात. मुलांचे दात वाजत होते. पाऊण तास भाची डबा वाजवत होती, तिचा हात दुखला की मी.

तो आवाज एका म्हाताऱ्या बाबांनी ऐकला. त्यांची एक गाय माघारी आली नव्हती, तिला शोधायला ते रानात आले होते. डोक्यावर घोंगडीची खोळ, हातात काठी. आम्हाला पाहून त्यांनी पहिल्यांदा काही विचारलं नाही, खोळ काढून पोराच्या अंगावर टाकली. मग म्हणाले, “कुठं जायचं व्हतं?” मी म्हणाले, घाटघरला. “मंग हिकडं कशापायी आलात?” बाणामुळे, असं सांगायला माझी जीभ उचलेना. वीस मिनिटांत त्यांनी आम्हाला बाहेर काढलं. वीस मिनिटांत! पुढे गावातून भाऊ आणि दोन तरुण बॅटऱ्या घेऊन येताना दिसले. मी बाबांना म्हणाले, एवढ्याशा रानात आम्ही हरवलो. त्यांनी मान हलवली. “रान ल्हानच हाय, बाई. पर धुईमधी ल्हान-मोठं काय कळत न्हाय. वाट सुटली का मागं फिरायचं. पुढं न्हाय, खाली न्हाय.”

त्यानंतर मी त्या भागात कितीतरी वेळा गेले. दर वेळी गावात बसून आधी विचारलं, आणि त्यातून जे शिकले ते सांगते.

पावसाळ्यात मुलांना घेऊन या रानात जायचंच असेल तर गावातला वाटाड्या घ्या. घाटघरात पर्यटकांना जेवण आणि मुक्काम देणारी घरं आहेत, तिथे विचारलं की माणूस मिळतो. पैशांचं आधी मोकळेपणी बोला आणि त्यात घासाघीस करू नका. शेतीच्या दिवसांत तो आपलं काम टाकून तुमच्याबरोबर येतो. वाटाड्या नसेल तर जून ते सप्टेंबर रानात न शिरता डांबरी रस्त्यानेच घाटघर ते नाणेघाट चालत जा. सपाट रस्ता, दोन्ही बाजूंना खाचरं, ओहोळ, पठार, आणि धुई आली तरी पायाखाली डांबर. मला स्वतःला पावसातली ही चालच सगळ्यांत आवडते. मात्र टोकाला पोहोचल्यावर कठड्याबाहेर, ओल्या कातळावर जाऊ नका. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. त्यानंतर पुणे जिल्हा प्रशासनाने पावसाळी ठिकाणांवर पाण्यात उतरायला, कड्याशी जाऊन फोटो काढायला मनाई करणारे आदेश काढले. निघायच्या आधी त्या वर्षीचा आदेश काय आहे ते बघून घ्या. शनिवार-रविवारी नाणेघाटाकडे गाड्यांची इतकी रीघ लागते की निम्मा दिवस रस्त्यातच जातो आणि मग रानातल्या चालीला उशीर होतो. आमच्यासारखाच.

ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत हे रान सोपं असतं. वाट कोरडी, आकाश मोकळं. तरीही दुपारी दोननंतर शिरू नका. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो आणि गडाच्या सावलीतलं रान त्याच्या तासभर आधी काळवंडतं. बॅटरी प्रत्येकाजवळ हवी, गाडीत नको. शिट्टी हवी, मुलांच्या गळ्यात तर हवीच. तीनदा वाजवायची, थांबायचं, पुन्हा तीनदा. फाटा आला की सगळ्यांनी थांबायचं, शेवटचा माणूस येईपर्यंत कुणी पुढे जायचं नाही, आणि वळून मागची वाट पाहून घ्यायची. परतताना तीच वाट उलट्या बाजूने अनोळखी दिसते. चार दगड एकावर एक रचून लगोर केलीत तर उत्तम. कापडी चिंध्या, प्लास्टिक बांधू नका. ते तसंच राहतं आणि गुरं खातात.

साप या रानात आहेत. फुरसं पाचोळ्याच्या रंगाचं असतं आणि पायाखाली आल्याशिवाय दिसत नाही, म्हणून चपला नकोत, घोटा झाकणारे बूट हवेत आणि काठीने पुढचा पाचोळा हलवत चालावं. कुणाला दंश झालाच तर चिरणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काही करू नका. माणसाला चालवू नका, दंशाचा भाग हलू देऊ नका आणि थेट जुन्नरच्या ग्रामीण रुग्णालयाची वाट धरा. १०८ला फोन करा, पण गाडी हाताशी असेल तर रुग्णवाहिकेसाठी खोळंबू नका. घाटघरहून जुन्नरला पोहोचायला तासभर लागतो, तो तास रानातच वाया घालवू नका. सुळक्यांवर, कड्यांवर आग्या मोहोळं असतात. शिवनेरीवर मधमाश्यांनी पर्यटकांना घेरल्याच्या बातम्या अनेकदा आल्या आहेत. अत्तर लावून जाऊ नका, रानात शेकोटी किंवा चूल पेटवू नका, आणि मोहोळ दिसलं तर आवाज न करता लांबून जा.

आता पाण्याकाठची गोष्ट. रानात एवढं भोगल्यावर दुसऱ्या वर्षी मे महिन्यात मी मुलांना म्हटलं, रान नको, माणिकडोहच्या पाण्याकाठी फिरू. कुकडी नदी पूर गावातल्या कुकडेश्वराजवळ उगम पावते आणि थोडं खाली येऊन या धरणात साठते. कुकडी प्रकल्पातली येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे ही तिची भावंडं. उन्हाळ्यात माणिकडोहचं पाणी मागे हटतं आणि काठाला रुंद मोकळी जमीन उघडी पडते. वर भेगा पडलेली, पांढुरकी, फरशीसारखी. भाचा बगळ्यांच्या मागे धावला आणि तिसऱ्या-चौथ्या पावलाला त्याचा पाय मांडीपर्यंत आत गेला. वरची खपली वाळलेली होती, खाली वर्षानुवर्षांचा गाळ लोण्यासारखा मऊ. तो ओढून पाय काढू लागला तसा दुसराही रुतला.

या वेळी मी धावले नाही. मी गेले असते तर मीही रुतले असते. त्याला म्हटलं, “हलू नकोस. मागे बस. पाठीवर टेक.” आडवं झालं की वजन पसरतं, रुतणं थांबतं. मग पाय वर न ओढता थोडा थोडा गोल हलवायचा, म्हणजे त्याच्या कडेने पाणी आत शिरतं आणि गाळाची पकड सुटते. भावाने लांब बांबू आडवा टाकला. दहा मिनिटांत पोरगं बाहेर आलं, एक चप्पल आतच राहिली. धरणाच्या काठाने चालायचं असेल तर उघड्या पडलेल्या गाळावरून नाही, त्याच्या वर, जिथे गवत आणि झुडपं आहेत तिथून चाला. गवत म्हणजे वर्षाचा बराच काळ कोरडी असलेली जमीन. गुरांच्या खुरांचे ठसे दिसले तरी त्यावर विसंबू नका. पाणी खाली गेलं की ठसे जुने होतात आणि जमीन बदलते.

पाण्यात तर उतरूच नका, कितीही उथळ दिसलं तरी. खाली जुनी नदी तशीच आहे. गुडघ्याएवढ्या पाण्यातून दोन पावलांत तुम्ही जुन्या पात्राच्या काठावरून थेट खोलात जाता. बुडालेल्या जमिनीत बांध, खड्डे, झाडांचे बुंधे असतात. आंबेगाव तालुक्यात डिंभ्याच्या पाण्याखाली तर अख्खं जुनं आंबेगाव गेलं आहे, आणि तिथेही लोक मुलांना खुशाल पोहायला सोडतात. आणखी एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. काठाकाठाने शेतकऱ्यांच्या उपसा मोटारी असतात, त्यांच्या वायरी गवतातून, कधी ओल्या गाळातून पाण्याकडे गेलेल्या असतात. त्या ओलांडू नका, उचलू नका, मुलांना पाइपावरून चालू देऊ नका.

संध्याकाळी काठावर रेंगाळायचा मोह होतो. हडसर आणि चावंड हे गड पाण्यात उलटे दिसतात, वारा पडतो. पण जुन्नर तालुका बिबट्यांचा आहे, त्यांच्यासाठीचं निवारा केंद्र याच माणिकडोहला आहे. बिबट्याचा वावर खालच्या बागायतीत, उसात अधिक, तरी पाण्यावर यायची त्याची वेळ तिन्हीसांजेचीच. लहान मुलं मोठ्यांच्या मध्ये ठेवा, त्यांना एकटं झुडपाआड पाठवू नका, आणि अंधार पडायच्या आत गाडीपाशी या.

पाण्याकाठी निर्धास्त बसावं अशी जागा मला विचाराल तर मी कुकडेश्वराचं नाव सांगेन. पूर गावातलं दगडी मंदिर, भिंतींवर शिल्पं, बाजूला नदीचा उगम. आजी-आजोबांना घेऊन जाता येतं. तिथून नदीच्या कडेने थोडं चालावं, परत यावं. मुलांना सांगावं की माणिकडोहला पाहिलेलं एवढं मोठं पाणी इथून निघतं.

गेल्या डिसेंबरात आम्ही तीच पहिली वाट पुन्हा चाललो. सकाळी नऊला नाणेघाटावरून निघालो, सोबत त्या बाबांचा नातू. बाबा आता थकलेत, ओट्यावर बसून असतात. भाचीने पुण्याहून त्यांच्यासाठी नवी घोंगडी आणली होती. रान उन्हाने भरलेलं होतं. पाचोळा वाजत होता. फाटा आला तेव्हा भाचा सगळ्यांच्या पुढे होता. पांढरा बाण तसाच होता, थोडा पुसट झालेला. डावीकडच्या वाटेच्या तोंडाशी कुणीतरी दगडांची लगोर रचलेली होती. तो तिथे थांबला, गळ्यातली शिट्टी एकदा हातात घेऊन पाहिली, आणि आम्ही सगळे येईपर्यंत मागे तोंड करून उभा राहिला.